लंबगोल

उद्यमबागेत, ओतशाळेच्या मागच्या गल्लीत
पत्र्याखाली आमची एकच खोली.
पोलादी साचा, वर चार बोटं जाड काच,
मध्ये काचधाग्याचं कापड, सहा थर.
तळातून, बरोबर मधोमध, लाल तेल वर येतं
आणि पसरत जातं.
मी कॅमेऱ्याशी बसते. दर दोन सेकंदाला एक फोटो.

लोक विचारतात, काय करतेस गं तिथं?
कापडाला विचारते, म्हणते, तुझ्यातनं वाट किती?
हसतात. भोक पडलंय काय कापडाला?

वाटा दोन असतात.
जुड्यांच्या मधल्या फटींतून तेल धावतं.
जुडीच्या पोटात मात्र हजारो तंतू
केसाहून बारीक, अंगाला अंग लावून;
तिथं ते मुंगीच्या पावलानं शिरतं.
घाई केली की वरून सगळं भिजलेलं दिसतं
आणि पोट कोरडं.
पुढं ह्यात राळ भरायची असते, पवनचक्कीचं पातं व्हायचं असतं.
कोरडं पोट तिथं, उंचावर, वाऱ्यात तडकतं.

काठाचं तर विचारूच नका.
लांबट साच्यात कापड भिंतीला अर्धा मिलिमीटर कमी पडलं
की तेल मधली वाट सोडतं, काठानं पळतं,
आणि दिवसाचं मोजमाप खोटं.
इरकलीचा काठ सगळ्यात घट्ट, इथं काठच सैल.
आम्ही काठावरचीच माणसं,
पण त्याचा इथं संबंध नाही.

डिसेंबर होता. सकाळी तेल गारठून जाड,
हीटर लावून पंचवीस अंशावर आणायचं, मग सुरुवात.
लाल डाग वाढला, लंबगोल झाला,
आणि तिरका.
अकरा अंश. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्यांदा साडेदहा.
कुडचीकर सर म्हणाले, कॅमेरा वाकडा लागलाय.
पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.
चौथ्यांदा भैरूनं थर मांडले. सात अंश, पण उलट्या अंगाला.
सर काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

सहाला गुरुपादप्पा आले, रात्रीचे वॉचमन.
वडगावात त्यांचे चार माग होते,
किलोवर गेले, भंगारात.
किल्ल्या टेबलावर ठेवून त्यांनी कापडाचं टोक
ट्यूबलाइटकडं उचललं, एक डोळा मिटला,
अंगठ्याचं नख एका धाग्यावरून सावकाश नेलं.
"होक्कु वाकडं बसलंय की."
बाणा? मी विचारलं.
"तुमी बाणा म्हणा. वाकडं ते वाकडंच."
मग नाकाशी नेऊन, "खळ कसली हेला?"
काचेलाही खळ असते हे मला कॉलेजात कळलं होतं,
त्यांना वासावरनं.
"एका कोपऱ्याला धरून कोण ओढलं हे?"

मी ओढलं होतं. रोज ओढते.
उजव्या हातानं.
भैरू डावरा.

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटी संपवून थांबले.
रोलच्या दोन्ही टोकांना दोघं, ओढायचं नाही, वाहायचं,
पाळण्यातनं मूल उचलावं तसं सहा वेळा.
लाल डाग उगवला, ताण्याच्या दिशेनं लांबला,
आणि सरळ राहिला.
सर फोटो मोठा करून बघत राहिले.

आकडा काढला. गुरुपादप्पांना दाखवला:
दशांशचिन्हापुढं नऊ शून्यं, मग एकवीस.
ते बोट ठेवून एकेक शून्य मोजत गेले.
"आमी तारा मोजायचो, इंचाला चौसष्ट.
शून्यं मोजायला कोण सांगिटलं नाही."

अहवालात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं: कापड दोघांनी वाहून मांडले.
ते सायकल काढून वडगावच्या रस्त्याला लागले,
झोपायला.
माझं मनगट संध्याकाळपर्यंत खाजत होतं,
काचेची कुसं. धुतलं तरी जात नाहीत.